कोकणकड्यावरचं इंद्रवज्र

देवळाच्या रांगेत मला देव कधी भेटला नाही. दोष देवळाचा नाही, माझं अर्धं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे असतं. पण हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली बघताना छातीत जे काही होतं, त्याला दुसरं नाव मला अजून सुचलेलं नाही. बावीस वर्षं जातोय. नाव तेच राहिलं, त्याचा अर्थ मात्र बराच हलला. त्याबद्दलच लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी कडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: अकोले तालुक्यातला हा गड, उंची चौदाशे मीटरच्या वर. पश्चिमेला डोंगर एकदम संपतो. तोही सरळ नाही, नागाच्या फण्यासारखा आत वळत संपतो. त्यामुळे उभं राहून कडा दिसतच नाही. पोटावर झोपावं लागतं आणि मागून कुणीतरी पाय धरावे लागतात. वारा खालून वर येतो. गवताची काडी टाकली तर कोकणात जायचं सोडून आपल्याच कपाळावर येऊन बसते. इथे नास्तिकालाही साष्टांग घालावा लागतो, हे मला फार आवडतं.

या कड्यावर आडवे पट्टे दिसतात. दप्तरात एकावर एक वह्या रचाव्यात तसे. हा लाव्हा. जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. आपला महाराष्ट्रातला सह्याद्री जवळजवळ सगळा या थरांचा. त्या काळात इथे माणूस तर सोडाच, माकडसुद्धा नव्हतं. शाळेत हे मी दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. दगडावर हनुवटी टेकवल्यावर त्या आकड्याला वजन आलं.

गडावर केदारेश्वराची गुहा आहे. मधोमध मोठी पिंड, भोवती कमरेएवढं पाणी, आणि इतकं गार की प्रदक्षिणा घालताना मंत्र विसरून माणूस नुसता ‘हाऽऽ हाऽऽ’ करतो. पिंडीच्या चार बाजूंना चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे. लोक सांगतात, चार खांब म्हणजे चार युगं. चौथा पडला की कलियुग संपलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, ज्याने ही गोष्ट रचली तो मोठा कवी असणार. शाश्वत देवाच्या शेजारी त्याने काळ उभा केला, आणि तोही मोडका.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा सरत आला होता. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र सकाळी आठच्या सुमाराला कड्यावर पोचलो. पाठीमागे नुकतं वर आलेलं ऊन, समोर दरी ढगांनी काठोकाठ भरलेली. आमच्या सावल्या ढगावर पडल्या आणि सावलीभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं उमटलं. अर्धी कमान नव्हे, बांगडीसारखं गोल. इंद्रवज्र! १८३५ मध्ये कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे ते पाहिल्याची नोंद आहे, हे गडावर येणारा प्रत्येक जण सांगतो. इतक्या वर्षांत मला एकदाही दिसलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग आमचं भांडण झालं.

मी म्हटलं, “अरे, माझ्या डोक्याभोवती आहे बघ!” तो म्हणाला, “तुझ्या कुठे? माझ्या डोक्याभोवती आहे.” पन्नाशीचे दोन बाप्ये दरीच्या काठावर ‘माझं-माझं’ करत उभे.

खरे दोघेही होतो. ढगातल्या बारीक थेंबांवरून ऊन जवळजवळ आल्या वाटेने मागे फिरतं, म्हणून ते वलय बघणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीभोवतीच पडतं. शेजारी दहा माणसं उभी करा, दहा जणांना दहा वलयं दिसतील आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचं. असं कारण सांगितलं की काही जण वैतागतात, ‘मजा घालवलीस’ म्हणतात. माझी उलट वाढली. फक्त एक भीतीही सुरू झाली. गेली कित्येक वर्षं निसर्गात देव दिसतो म्हणून मी जे सांगत फिरतोय, ते असंच तर नसेल? प्रकाश खरा, ढग खरा, पण वलय माझ्याच डोक्याला!

‘निसर्ग हाच देव’ हे वाक्य आणि खाली कासच्या फुलांचा फोटो, असं रोज दिसतं. मीही टाकलेत. पण त्या दिवशी पायथ्याच्या पाचनई गावात उतरल्यावर ज्या मामांकडे आम्ही नेहमी जेवतो, त्यांच्याशी बोलणं झालं. पिठलं-भाकरी वाढताना मी उत्साहाने म्हटलं, “मामा, तुम्ही नशीबवान, देवाच्या दारात राहता.” ते म्हणाले, “व्हय. पर पाऊस लई लागून ऱ्हायला का झोप नाय येत. डोंगराकं कान देऊन पडायचं.” पुढे म्हणाले, “माळीणची मानसं बी देवाच्या दारातच ऱ्हात व्हती.”

भाकरी घशात अडकली. माळीण काही लांब नाही, याच रांगेतलं, आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, तशीच दरड रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर. जो पाऊस मला धबधबा दाखवतो, तोच. जो दगड मला अनंतकाळ वाटतो, तोच.

मग फुलात देव आणि दरडीत फक्त भूगर्भशास्त्र, अशी वाटणी मला जमेना. ‘त्याची लीला’ म्हणून हात झटकणंही जमेना. ते फार स्वस्त आहे, विशेषतः ज्याचं घर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आहे त्याच्या तोंडून. आज माझी समजूत एवढीच: त्या कड्यावर जे काही आहे ते माझ्यासाठी मांडलेलं नाही. कारवीच घ्या, डोंगरउतारावरचं ते झुडूप. सात वर्षं नुसतीच वाढते, मग एका पावसाळ्यात उतारच्या उतार जांभळे करते, बी धरते आणि मरते. तिथे मी असलो काय, नसलो काय. मामांच्या घराचे कूडही कारवीचेच, शेणाने लिंपलेले. ते तिच्याकडे बघून गहिवरत नाहीत, पण तोडताना हात जपून चालवतात. माझ्यापेक्षा त्यांची भक्ती मला जास्त खरी वाटते.

तरीही मी जातो. रडूही येतं. तेवढ्या वेळापुरतं घरचं कर्ज, गुडघा, ऑफिस काही आठवत नाही, आणि आपण नसतानाही हे सगळं असंच असेल या विचाराने भीती न वाटता उलट हलकं वाटतं. याला कुणी देव म्हणावं, कुणी डोंगर म्हणावं. मी भांडणार नाही, एकदा भांडून झालंय.

मित्राने त्या सकाळी काढलेला फोटो सोबत जोडलाय. कॅमेरा त्याच्या हातात, त्यामुळे रंगांचं कडं त्याच्या डोक्याभोवती आहे. डावीकडची, साधी, काळी सावली माझी.