उणे सत्तावीस आणि विजेच्या खांबावरचं घुबड

कॅनडात सास्काटूनला येऊन सहा वर्षं झाली, पण डिसेंबर लागला की इथल्या आपल्या मराठी मंडळींचं रडगाणं सुरू, आता चार-पाच महिने घरात कोंडून घ्या, बाहेर आहेच काय, सगळं पांढरं. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते प्रेअरीत, म्हणजे इथल्या सपाट गवताळ प्रदेशात, पक्षी बघायचा खरा सीझन हिवाळाच.

माझं माहेर इंदापूरचं. त्यामुळे थंडी म्हणजे भिगवण, उजनीचं बॅकवॉटर आणि पहाटे होडीतून फ्लेमिंगो, हे डोक्यात फिट्ट बसलेलं. इथे उलटंय, बहुतेक पक्षी दक्षिणेला पळालेले असतात आणि तरी उत्तरेकडून पाहुणे येतातच! स्नोई आऊल, म्हणजे पांढरं घुबड, थेट आर्क्टिकमधून उतरतं. म्हणजे ज्या थंडीत आपण रडतो ती त्याच्यासाठी कोकणातली सुट्टी.

परवा शनिवारी उणे 27 होतं. गाडी रात्रभर ब्लॉक हीटरला (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) लावलेली म्हणून निदान सुरू तरी झाली, मग गावाबाहेरच्या ग्रिड रोडवर, दोन्ही बाजूला नुसती शेतं, मधे एखादं जुनं धान्याचं एलिव्हेटर, म्हणजे उंच कोठार, आम्ही वीसच्या स्पीडने रांगत होतो. नवरा म्हणाला खांबावर बर्फाचा गोळा अडकलाय बघ. गोळ्याने मान फिरवली आणि पिवळेधमक डोळे! अंगावर काळपट आडव्या रेघा होत्या, म्हणजे मादी असावी किंवा यंदाचंच पिल्लू. पायांच्या बोटांपर्यंत पिसं, लोकरी मोजे घातल्यासारखी. खालच्या बर्फात उंदीर कुठे हलतोय ते ऐकत बसलेलं.

आम्ही काच जरा खाली करून गाडीतच बसलो, कारण गाडीला ती फारशी बिचकत नाहीत. पण तेवढ्यात एक पिकअप आली, एक साहेब उतरले आणि भलीमोठी लेन्स घेऊन थेट खांबाखाली. उडालं ना बिचारं. आधीच एवढ्या थंडीत शिकार मिळायची मारामार, त्यात फुकट ताकद खर्च करायला लावायची, कशासाठी, तर लाइकसाठी! आणि नंतर ग्रुपवर अगदी मॅपसकट जागा टाकतात. मी तर आता जिल्हासुद्धा सांगत नाही, कुणाला शिष्टपणा वाटला तर वाटो.

बाकी चालायची हौस असेल त्यांनी शहराच्या दक्षिणेला बीव्हर क्रीकला जा, खिशात बिनमिठाच्या सूर्यफुलाच्या बिया न्या. ग्लोव्ह काढून हात पुढे धरला की चिकडी, म्हणजे इथला एक चिमुकला पक्षी, येऊन बोटावर बसते. वजन 12 ग्रॅम, तीन चमचे साखर समजा, पण नखांची पकड मस्त जाणवते. ही रात्री अंगाचं तापमान 10-12 अंशांनी उतरवून ऊर्जा वाचवते आणि सकाळी परत बिया लपवायला हजर. मला दोन मिनिटांत बोटं कळेनाशी होतात, बॅटरी मरते, दुर्बिणीवर श्वासाचा बर्फ होतो.

भिगवणला एका सकाळी पन्नासेक जाती टिपल्या असतील, आज नावं विचाराल तर निम्मी आठवणार नाहीत. इथे तीन तासांत पाच-सहा, पण प्रत्येकाला नीट बघते, दुसरं काही नसतंच ना बघायला.

आईला घुबडाचा फोटो पाठवला तर पहिला प्रश्न, शनिवारी कशाला बघितलंस? काल मात्र तिनेच फोन करून विचारलं, ते पांढरं परत दिसलं का गं.