खुलासा : ‘नशेड्यांना पैसे वाटतात’ म्हणे!

कोल्हापुरात तालमींच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘अमेरिकेत नशा करणाऱ्यांना बसून पैसे मिळतात.’ आहे ते बरोबर उलटं. व्यसन सोडवण्याचा हा एक उपचार आहे : लघवीच्या तपासणीत नशा केलेली नाही असं दिसलं, तरच पैसे मिळतात. तेही बहुधा कूपन, रोख नव्हे.

व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी बसवलेला हिशेब बघा. लघवीच्या पहिल्या स्वच्छ (नशेचा अंश नसलेल्या) नमुन्याला २.५० डॉलरचं कूपन, पुढच्या प्रत्येकाला १.२५ ची वाढ, सलग तीन झाले की १० डॉलर वर. एक नमुना नशेचा निघाला की दर धाडकन २.५० वर, सलग पाच स्वच्छ दिले की जुना दर परत. १२ आठवडे एकही चूक नाही, तर एकूण ९९७.५० डॉलर. मेख त्या घसरणीत आहे.

गंडतं ते बहुतेकदा वेळेच्या गणितात. कोकेनचा अंश लघवीत साधारण दोन-तीन दिवस सापडतो, म्हणून तपासणी आठवड्यातून तीनदा. शनिवारी एकदाच तपासलं तर रविवारची नशा सुटते. नमुना चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश गरम हवा, नाहीतर घरून बाटली आणलीय समजा. आणि कूपन तिथल्या तिथं द्यायचं; ‘पुढच्या सोमवारी या’ म्हटलं की संपलं. रोज गांजा ओढणाऱ्यानं गांजा सोडला तरी त्याची तपासणी काही आठवडे पॉझिटिव्ह येते, तिथं हाच हिशेब लावला तर प्रामाणिक माणूसच नापास.

घरच्यांनी हातात नोटा ठेवणं म्हणजे हा उपचार नव्हे. समुपदेशन, औषधं सोबत लागतातच. माहितीसाठी व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन १४४४६.