स्टोरी पॉइंट म्हणजे परीक्षेतले मार्क नाहीत

नागपुरात आयटी पार्क आणि मिहानमध्ये टीम सांभाळणाऱ्या सगळ्या लीड-मॅनेजर मंडळींना कळकळीची विनंती आहे. कोणी किती स्टोरी पॉइंट केले याचा तक्ता अप्रेझलला लावणं थांबवा.

काम किती मोठं, किती किचकट, त्यात माहीत नसलेलं किती, याचा टीमने आपल्यापुरता बांधलेला अंदाज म्हणजे पॉइंट. एका टीमचा 5 आणि शेजारच्या टीमचा 5 यांचा काही संबंध नसतो. पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे काही आठवड्यांच्या ठरावीक टप्प्यात, किती काम घ्यायचं हे ठरवायला तो कामी येतो, बस. त्यावर पगारवाढ अवलंबून आहे म्हटलं की 3 चं काम 5 चं होतं. आकडा चढतो, सॉफ्टवेअर तेवढंच राहतं.

त्याहून मोठं नुकसान म्हणजे मदत आटते. कोड रिव्ह्यू (एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासणं) दोन-दोन दिवस पडून राहतात, कारण रिव्ह्यूचे पॉइंट मिळत नाहीत. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोरीशेजारी बसून तिला अडलेला बग शोधून देणारा सिनियर तक्त्यात सगळ्यात खाली दिसतो. अशी माणसं कंटाळून पुण्याला गेलेली मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्यांना इथेच राहायचं होतं हो!

गंमत नाही, खरंच सांगतो, स्क्रम या कामाच्या पद्धतीचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंटचा उल्लेखच नाही. ते एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या दुसऱ्या पद्धतीतून आले. डेली स्क्रम ही रोजची छोटी बैठकसुद्धा डेव्हलपरांनी आपसात दिवसाचं काम लावून घ्यावं म्हणून आहे, 15 मिनिटांत. आपल्याकडे अमेरिकन क्लायंटसाठी ती संध्याकाळी 7 ला होते आणि एकेक जण मॅनेजरला हजेरी देतो. दिवस संपल्यावर कसलं नियोजन? क्लायंटचा कॉल वेगळा ठेवा, टीमचं बोलणं सकाळी होऊ द्या.

2001 मध्ये युटातल्या स्नोबर्डला 17 जणांनी स्क्रमसारख्या पद्धतींची तत्त्वं सांगणारा अजाइल जाहीरनामा लिहिला, त्यातलं पहिलंच मूल्य प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसांना आणि त्यांच्या संवादाला वर ठेवतं. जिरा (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) रोज उघडणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

मोजायचंच असेल तर काम हातात घेतल्यापासून ते ग्राहकापर्यंत पोचायला किती दिवस लागतात ते मोजा. रिलीजनंतर किती बग परत आले ते मोजा. पण अख्ख्या टीमचं मोजा, आणि ते आकडे रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बोलायच्या बैठकीत, टीमसमोरच ठेवा.