मनगट

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सोन्या झोपलाय, त्याचा बाबा झोपलाय, मी ओट्यापाशी उभ्यानं टाइप करतेय. आज लिहिलं नाही तर उद्या डब्याच्या गडबडीत राग ओसरेल, आणि मला तो ओसरायला नकोय.

संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. लिफ्टपाशी वरच्या मजल्यावरच्या आजी आणि त्यांचा नातू उभे. पोरगं अडीचेक वर्षांचं, कुरळ्या केसांचं, बघताच उचलून घ्यावंसं. (मजला, केस, सगळं बदललंय. शोधत बसू नका.) त्यानं माझं मनगट धरलं, हात उचलला आणि लिफ्टच्या बटणावर नेऊन टेकवला. माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. आजी कौतुकानं म्हणाल्या, "बघा की, कसं हक्कानं धरतंय! लई माया हाय त्याची तुमच्यावर." विचारलं, बोलतो का? तर "अजून नाही, पण बोलंल की! त्याचा बाप तरी कुठं चार वर्षांपत्तूर बोलत हुता?"

मी "हो ना" म्हणाले आणि हसले. घरी येऊन भेंडी चिरता चिरता रडले.

कारण हे वाक्य माझ्या घरात साडेचार वर्षांपूर्वी बोलून झालंय. माणसं वेगळी, बाप वेगळा, वाक्य तेच.

माझ्या सोन्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. तेव्हा ते ठाऊक नव्हतं, तो दोन वर्षं दोन महिन्यांचा होता. फ्रिजवर स्टीलचा डबा असायचा, त्यात पार्ले-जी. बिस्कीट हवं असलं की हा यायचा, माझं मनगट धरून मला फ्रिजपाशी ओढायचा आणि हात वर, डब्याच्या दिशेनं ढकलायचा. बोट दाखवणं नाही, आवाज नाही, माझ्याकडे बघणं तर नाहीच. झाडावरचा आंबा पाडायला आकडी घ्यावी तसा माझा हात घ्यायचा. आणि मी? मी त्याचे व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकायचे. खाली बदामांची रांग. आईशिवाय पान हलत नाही त्याचं, वगैरे.

अकरा महिने. असले व्हिडिओ काढण्यात मी अकरा महिने घालवले.

त्या अकरा महिन्यांत काय काय केलं ऐका. मधात वेखंड उगाळून जिभेला लावलं. पोपटानं उष्टावलेला पेरू आणायला नवरा मित्राच्या मळ्यात जाऊन आला, इंजिनिअर माणूस. जिभेची दोरी तपासली, कान तपासले (कान तपासायचेच असतात, ते बरोबर होतं). टीव्ही बंद केला. लोकांचंही ऐकलं: मुलगे उशिराच बोलतात, शाळेत घाला म्हणजे चार पोरांत बोलेल, तू नोकरी करतेस ना म्हणून. एका डॉक्टरांनीही "तीन वर्षांपर्यंत वाट बघू" म्हटलं, आणि खरं सांगू, त्या दिवशी मी त्यांच्यासाठी पेढे घ्यायची बाकी राहिले होते, इतकी खूश झाले. वाट बघा म्हणणारा माणूस फार आवडतो हो आपल्याला.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. एका मनगट धरण्यावरून काही ठरत नाही, सगळीच लहान पोरं कधी ना कधी हात धरून ओढतात, आणि उशिरा बोलून पुढे वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारेही असतात. मान्य. पण दाखवून आणायला काय जातंय? सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची शक्यता चाचपणारी, एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची साधी यादी आहे, हो-नाहीत उत्तरं द्यायची. फुकट. त्यात काही हवं असलं तर मूल एका बोटानं दाखवतं का, हाही प्रश्न आहे. त्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही तेवढं कळतं. दहा मिनिटं लागतात. माझे अकरा महिने गेले.

एबीए, म्हणजे वर्तन शिकवण्याची थेरपी सुरू झाली तेव्हा सोन्या तीन वर्षं एक महिन्याचा होता. आधी जिथे गेलो तिथलं नाव घेत नाही. आईबापांना आत सोडायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात दार अर्धवट उघडं राहिलं म्हणून दिसलं: हनुवटी धरून तोंड वर केलेलं आणि "बघ, बघ माझ्याकडे" चाललेलं, आणि माझं लेकरू डोळे घट्ट मिटून. उचललं आणि घरी आणलं. भरलेले पैसे गेले, जाऊ देत. या उपचाराचा इतिहास काही सोज्वळ नाही. अमेरिकेत लोव्हास नावाच्या माणसानं आठवड्याला चाळीस तास शिकवून मुलं सुधारल्याचं १९८७ साली छापलं, जगभर नाव झालं, पण त्याआधीच्या काळात तिथे मुलांना थपडा मारणं आणि विजेचे झटके देणंही झालेलं आहे. आज मोठे झालेले ऑटिस्टिक लोक स्वतः सांगतात की जबरदस्तीनं डोळ्यांत बघायला लावलं ते आम्हाला सोसत नव्हतं. त्यांचं ऐकायलाच हवं. म्हणून कुठेही गेलात तरी आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. आणि आईला आत बसू देत नसतील तर चप्पल घालून बाहेर पडा.

दुसऱ्या ठिकाणी एक सव्वीस-सत्तावीसची मुलगी होती. सोन्याच्या शेजारी फरशीवर बसली. पहिला पाऊण तास तिनं काहीच शिकवलं नाही, मला तर वाटलं सहाशे रुपये वाया गेले. ती फक्त त्याला काय आवडतं ते बघत होती. साबणाचे फुगे, डब्याचं गोल फिरणारं झाकण, बिस्कीट. मग त्याला बिस्कीट दिसलं, तो उठला, आला आणि माझं मनगट धरलं. ती पटकन म्हणाली, "ताई, हात सैल सोडा. आणि एक सांगू? तो तुमचा हात वापरतोय, तुम्हाला काही सांगत नाहीये."

त्या वाक्यानं जे झालं ते अजून नीट लिहिता येत नाही. मी जिला माया समजत होते...

असो.

तिनं त्याच स्टीलच्या डब्याचा फोटो काढायला सांगितला. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली, लॅमिनेट केली. आता मनगट धरलं तर काही मिळणार नाही, फोटो हातात दिला तर लगेच बिस्कीट. लगेच म्हणजे त्या क्षणाला, पोळी तव्यावर असली तरी. सुरुवातीला एक जण मागं बसून त्याचा हात धरून फोटो द्यायला लावायचा, मग कोपराला नुसता स्पर्श, मग तोही नाही. वाचायला सोपं वाटतं. पहिले पाच-सहा दिवस आमच्या घरात जे रडणं झालं ते खालच्या दुकानदारानंही ऐकलं असेल. ओरडून मिळत होतं ते मिळेनासं झालं की पोर आधी दुप्पट ओरडतं, हे तिनं बजावून ठेवलं होतं. तरी चौथ्या दिवशी सासूबाईंनी डबा काढून त्याच्यापुढे आदळला आणि म्हणाल्या, "उपाशी मारा लेकराला. कुत्र्याला शिकवतात तसं शिकवताय." मी त्यांच्यावर जन्मात ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले.

(कुत्र्याचं ते बोलणं अगदीच खोटं नाही, बक्षीस देऊन शिकवणं हे आहेच. पण "पाढे म्हण, चॉकलेट देते" हे आपल्या प्रत्येक घरात चालतं, तेव्हा कुणाला कुत्रा आठवत नाही.)

घरी एक वही करायला सांगितली होती. आदल्या क्षणी काय झालं, सोन्यानं काय केलं, नंतर आम्ही काय केलं. तीन रकाने. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं सुरू केली. दोन आठवड्यांनी तिनं वही चाळून विचारलं, "संध्याकाळी सहा ते सात तुमच्याकडे काय असतं?" काय असणार, कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, टीव्हीवर मालिका, दाराची बेल, सगळं एकदम. सोन्याचं डोकं आपटणं निम्म्याहून जास्त त्याच तासात होतं. आम्ही त्याला 'हट्ट' म्हणायचो, आणि तो गप्प व्हावा म्हणून मोबाइल द्यायचो. कुकर दुपारी लावायला लागले. एवढंच. कुणाच्या नवसानं झालं नसतं ते कुकरची वेळ बदलून झालं.

आणि लोक म्हणतात आईचं लक्ष नाही. ही खोड जुनीच आहे म्हणा. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञानं १९४३ साली ऑटिझमबद्दल लिहिलं, आणि पुढची कितीतरी वर्षं मोठमोठे डॉक्टर सांगत राहिले की आईच फ्रिजसारखी थंड असते म्हणून मूल असं होतं. तिकडे ते खोटं ठरून जमाना झाला. आपल्याकडे अजून बारशाच्या पंगतीत वाढतात.

पैशांचं सांगते, कारण कुणी सांगत नाही. आठवड्याला तीन सेशन, महिन्याला सात हजाराच्या वर. एक पगार आणि हप्ते असलेल्या घराला हे झेपत नाही, आणि "लवकर सुरू करा" असं मी इथं बसून ऐटीत लिहितेय ते कुणाला तरी टोचणार, हे मला कळतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचं विमाकवच, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. पण त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत. आमच्याकडे प्रमाणपत्र काढायला वर्ष गेलं. रांगेमुळे नव्हे. त्याच्या बाबाला फॉर्मवर 'दिव्यांग' या शब्दापुढे सही करवत नव्हती. तीनदा फॉर्म आणला, तीनदा कपाटात गेला. मी चिडायचे. आज चिडत नाही. तोही त्याचे अकरा महिने घेत होता.

आणि आपल्याला, म्हणजे फ्लॅटवाल्यांना, हे माहीतच नसतं की सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात, त्यात विकासातला उशीरही बघायचा असतो. प्रत्यक्षात सगळीकडे नीट बघतात असं मी म्हणणार नाही. पण आपली पोरं अंगणवाडीत जातात कुठं? ती जातात कार्टून रंगवलेल्या प्ले ग्रुपमध्ये, आणि तिथं आईबापांना नाराज करायचं नसतं.

फोटोचं राहिलंच. एकोणिसाव्या दिवशी, गुरुवार होता, मी कणीक मळत होते. कुणी मागं बसलेलं नव्हतं. सोन्या आला. मनगट धरलं नाही. डब्याचा फोटो माझ्या पिठाच्या हातात ठेवला आणि वर बघितलं. माझ्याकडे. क्षणभर, पण माझ्याकडे. त्यानंतर 'बि' आलं, खूप नंतर 'बिक्की'. आज त्याच्याकडे पन्नासेक शब्द आहेत. आनंद झाला की हात फडफडवतो, ते आम्ही थांबवत नाही. तो बरा झालाय का असं विचारू नका, तो आजारी नव्हता. आणि सासूबाई? आता कुणी पाहुणा लाडानं बिस्कीट द्यायला गेला की त्याच हात धरतात. "थांबा, त्याला मागू दे."

म्हणून आज स्वतःचाच राग आलाय. आजींचा नाही. त्यांना काय माहीत असणार? मला माहीत होतं, आणि मी "हो ना" म्हणाले. कारण शेजार बिघडेल, सून काय म्हणेल, यांच्या पोराला आहे म्हणून सगळ्यांच्या पोरांत बघतात म्हणतील. म्हणतीलच. माझ्या मावशीच्या जावेनं सोन्या दोन वर्षांचा असताना ओळखलं होतं, बालवाडी चालवायच्या त्या. चार वर्षांनी म्हणाल्या, "तेव्हा वाटलं होतं गं, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

सोन्या सहाला उठतो. मग सात वाजता दूध आणायला जाताना आधी वर जाणार आहे. सून तेव्हा घरात असते, ऑफिसला साडेआठला निघते. फ्रिजवरचा डबा बरोबर नेईन म्हणते, तिला ते मनगटाचं सांगताना हातात काहीतरी असलेलं बरं. पहिलं वाक्य काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.