चालू-बंद होणाऱ्या ब्लोअरच्या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. एक स्टार का दिला हे तुम्ही स्पष्ट लिहिलंय. तुमच्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे हीटर-एसीची हवा आत ढकलणारा पंखा, मधेच बंद पडायचा आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. पहिल्या वेळी गाडी ठेवून घेतली, 'ब्लोअर तर चालू आहे' म्हणून परत दिली आणि वर तपासणीचे पैसे लावले. दुसऱ्या वेळी निघालं काय, तर एक जळका कपलर (वायरी जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट), आणि बिल त्या कपलरच्या कितीतरी पट. तुमची चिडचिड मला समजते. बंद पडलेला ब्लोअर घेऊन निघायचं आणि गॅरेजच्या दारात तो सुरू व्हायचा, याच्याइतकं वैतागवाणं काही नाही. पण बिल कशाचं होतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या गाडीत हाच त्रास सोसणारे बरेच जण हे वाचतील.

आमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी एसीत गॅस भरला होता आणि दुसऱ्या ठिकाणी ब्लोअरची मोटर बदलली होती, हे तुम्हीच सांगितलंत. गॅसचा इथे संबंधच नव्हता. हीटर आणि एसी, दोन्हींची हवा ढकलणारा पंखा एकच असतो. तुमच्या गाडीत दोन्ही एकदम गप्प व्हायचे आणि पंख्याचा आवाजही थांबायचा. म्हणजे पंख्यापर्यंतची वीजच कुठेतरी तुटत होती. (आवाज येत राहतो पण हवा हळूहळू कमी होते, ते प्रकरण वेगळं. तेव्हा एसीच्या कॉइलवर बर्फ साचलाय का ते आधी बघतात.) रेझिस्टरवरही (पंख्याचा स्पीड कमी करणारा भाग) आमचा संशय कमीच होता. नुसता रेझिस्टर गेला असता तर खालचे स्पीड गेले असते, पण सगळ्यात वरचा चालू राहिला असता, कारण अशा गाड्यांत वरच्या स्पीडला करंट रेझिस्टरच्या तारांमधून जातच नाही. तुमचे सगळे स्पीड एकदम जायचे.

मग नवी मोटर बसवल्यावर काही दिवस सगळं ठीक कसं चाललं? मोटर काढताना आजूबाजूची वायरिंग ओढली जाते, कपलर काढून पुन्हा दाबून बसवले जातात. ढिली पिन नव्याने घट्ट टेकते आणि वाटतं, मोटरच खराब होती. जुन्या गाडीत कितीतरी चांगल्या मोटरी अशाच भंगारात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या वेळी आम्ही काय केलं? गाडी उभी ठेवून वरच्या स्पीडला ब्लोअर बराच वेळ चालवला, वायरिंग हलवून पाहिली, मोटर किती करंट ओढते ते मोजलं, सप्लाय (बॅटरीकडून येणारी) आणि अर्थ (बॅटरीकडे परत जाणारी) दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत वाया जाणारा व्होल्टेज, घेतला. अर्थच्या बाजूचा ड्रॉप ०.१ व्होल्टच्या आत होता. सगळं योग्य. त्या दिवशी अंदाजाने रेझिस्टर, स्विच, रिले (विजेवर चालणारा स्विच) असं एकेक बदलून बिल वाढवता आलं असतं. ते केलं नाही. बिलावर लिहून दिलं की दोष हजर नाही, पुन्हा बंद पडला तर बंद असतानाच आणा. तपासणीचे पैसे त्या मोजमापाच्या वेळेचे होते आणि ते योग्यच होते, असं मी आजही म्हणतो.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. कपलरच्या मागच्या बाजूने, तारेलगत, बारीक पिना सरकवल्या, त्यांना लांब वायर जोडून मीटर केबिनमध्ये घेतला आणि गाडी खराब रस्त्याने फिरवली. डॅशबोर्ड तापला, हादरे बसले आणि ब्लोअर थांबला. अशा वेळी कशालाही हात लावायचा नाही हा आमचा नियम आहे, कारण बोट लागलं तरी दोष पळून जातो. मीटरची एक वायर अर्थला ठेवून मोटरची दोन्ही टोकं एकेक करून मोजली, तर प्रत्येक टोकावर बॅटरीइतकाच व्होल्टेज दिसला. याचा अर्थ फ्यूज, रिले आणि मोटर तिघंही निर्दोष, कारण वीज मोटर ओलांडून पलीकडे पोचली होती आणि पुढे अडली होती. मग रेझिस्टरचा कपलर: तारेच्या बाजूला १२ व्होल्टच्या वर, त्याच पिनच्या दुसऱ्या बाजूला शून्य. मधे फक्त एक सांधा. तुमच्या गाडीत प्रत्येक स्पीडचा करंट याच पिनमधून जातो, वरच्या स्पीडचाही; तो फक्त पुढे रेझिस्टरच्या तारा टाळतो.

कपलर उघडला तेव्हा त्या एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं होतं आणि पिनेची पकड गेलेली होती. सांधा थोडा ढिला झाला की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. ०.१ ओहम ऐकायला काहीच नाही, पण त्यातून २० ॲम्पियर गेले की २ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि त्या नखाएवढ्या जागेत ४० वॅट उष्णता तयार होते. उष्णतेने पकड आणखी सैल होते. गार झाल्यावर पिन पुन्हा टेकते, म्हणून सकाळी ब्लोअर व्यवस्थित चालायचा. यात फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढत नसतो, उलट घटतो. असा ब्लोअर 'फ्यूजमुळे' बंद पडतो असं सांगून कोणी मोठा फ्यूज घालत असेल तर कृपया घालू देऊ नका. वायर पेटू शकते.

आम्ही नवा कपलर जळका भाग कापून चांगल्या तारेवर, त्याच जाडीच्या वायरने जोडला. रेझिस्टरची पिनही काळवंडली होती, म्हणून तोही बदलला. जळक्या पिनेवर नवा कपलर बसवला तर तोही जळतो. बिलात रेझिस्टरची ओळ वेगळी आहे, कदाचित तुमच्या नजरेतून सुटली असेल. जुने दोन्ही भाग पिशवीत घालून पुढच्या सीटखाली ठेवलेत. तपकिरी झालेली बाजू एकदा नक्की बघा. बाकीची मोठी रक्कम शोधण्याच्या वेळेची आहे, आणि ती कमी करणं मला शक्य नाही.

एक गोष्ट मात्र करतो. पुढच्या महिन्यात कधीही या, वरच्या स्पीडला त्याच सांध्याचा ड्रॉप तुमच्यासमोर पुन्हा मोजू. त्याचे पैसे घेणार नाही. त्याआधी ब्लोअर थांबलाच, तर डॅशबोर्डवर थापटू नका, चावी बंद-चालू करू नका. कुठला स्पीड होता आणि गाडी किती वेळ चालली होती एवढं लक्षात ठेवा आणि तशीच इकडे आणा. रांग असली तरी तुमची गाडी आधी घेऊ.