सावली कोणी विकली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीच्या जुन्या छायाचित्रांच्या संग्रहाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा की, गुलामांच्या यातनांची चित्रे पैसे मोजून विकत घेणे म्हणजे ज्या माणसांचा एकदा बाजार झाला, त्यांचाच पुन्हा बाजार मांडणे होय. ही चित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येत असताना मूळ प्रतींचा हव्यास कशासाठी, आणि मराठी माणसाचा या साऱ्याशी संबंध काय, असेही आपण विचारले आहे. पहिला आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यालाच देतो.

आपण ज्याला बाजार म्हणता, तो या छायाचित्रांच्या बाबतीत संग्राहकांनी नंतर उभा केलेला नाही. ‘कार्त-द-व्हिजित’ नावाची, साधारण अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली ही चित्रे मुळात विक्रीसाठीच काढली जात आणि चळवळ त्यांतून पैसा उभा करीत असे. सोजर्नर ट्रूथ यांचे उदाहरण घ्या. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या आणि १८२६ मध्ये त्यातून स्वतः बाहेर पडलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही १८६४ च्या त्यांच्या कार्डांवर स्वामित्वहक्काची नोंद छायाचित्रकाराच्या नावे नसून त्यांच्या स्वतःच्या नावे आहे. चित्राखाली छापले आहे : ‘सत्त्वाच्या पोषणासाठी मी सावली विकते.’ सावली म्हणजे इथे छायाचित्र. व्याख्यानांच्या दौऱ्यांत ही कार्डे विकून त्या आपला चरितार्थ चालवीत. चित्रात त्या पांढरी टोपी, शाल आणि चष्मा घालून, हातात विणकाम घेऊन बसलेल्या आहेत. एका चित्रात मांडीवर सैन्यात गेलेल्या नातवाचे छायाचित्र आहे. साखळी नाही, वळ नाहीत. लोकांनी आपल्याला कसे पाहावे हे त्यांनी स्वतः ठरवले आणि त्याची किंमतही स्वतःच घेतली. अशा कार्डाला केवळ यातनांचे चित्र म्हणणे हा मला त्या बाईंवरच अन्याय वाटतो.

सगळीच चित्रे अशी नाहीत, हे मात्र आपण म्हणता तसेच आहे. १८६३ मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना, लुइझियानातील मळ्यावरून पळून बॅटन रूज येथील उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत पोहोचलेल्या एका माणसाच्या पाठीवरील चाबकाच्या वळांचे छायाचित्र काढले गेले. त्या वर्षीच्या ४ जुलैच्या ‘हार्पर्स वीकली’त त्यावरून केलेले चित्र छापून आले आणि कार्डाच्या रूपातही ते उत्तरेत दूरवर पोहोचले. त्या माणसाला त्यातून काय मिळाले हे कार्ड सांगत नाही. न्यू ऑर्लीन्सच्या मुक्त गुलामांच्या चित्रमालिकेत तर चळवळीचाच दोष उघडा पडतो. गोऱ्या गिऱ्हाइकाला पाझर फुटावा म्हणून त्यात दिसायला जवळजवळ गोरी असलेली मुले मुद्दाम पुढे बसवली होती, आणि विक्रीचे उत्पन्न त्या भागातील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी जाईल असे कार्डावरच छापलेले होते. शाळांसाठी निधी जमवणारा हेतू आणि गोऱ्या कातडीवर विसंबलेली करुणा ही एकाच पुठ्ठ्यावर सापडतात; मला ते कार्ड जपून ठेवावेसे वाटते ते याच कारणासाठी.

माझ्यापुरती मर्यादा मी आखलेली आहे. एखादे चित्र पहिल्यांदा कोणी काढवून घेतले आणि ते कोणाच्या कामासाठी होते, हे मी आधी विचारतो. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलिनातील कोलंबिया येथे, हार्वर्ड विद्यापीठातील निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासी यांच्या वंशविषयक सिद्धांतांसाठी, रेंटी, डेलिया आणि इतर गुलामांना विवस्त्र करून चित्रे काढण्यात आली. ती पुढे हार्वर्डच्या संग्रहालयात पडून राहिली. रेंटी यांच्या वंशज म्हणवणाऱ्या एका महिलेने २०१९ मध्ये दावा लावला, आणि २०२५ मध्ये ती चित्रे सोडून देण्याचे हार्वर्डने मान्य केले. असे काही, किंवा झुंडबळींची त्या काळी छापली गेलेली पोस्टकार्डे, कितीही स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही. त्या बाबतीत आपला शब्द न् शब्द मला मान्य आहे.

फुकट उपलब्ध असलेल्या प्रतिमा मीही रोज वापरतो. पण कागद हातात असला की काही गोष्टी कळतात. १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात अमेरिकेत छायाचित्रांवर युद्धखर्चासाठी कर होता आणि पाठीवर महसुली तिकीट लावावे लागे; त्यामुळे तिकीट असलेल्या कार्डाचा काळ दोन वर्षांच्या आत बांधता येतो. पुठ्ठ्याची जाडी आणि कोपरे यांवरूनही अंदाज येतो, कारण १८६० च्या दशकातील पुठ्ठे पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचे असत. शिवाय संकेतस्थळावर आज जे दिसते, ते कोणीतरी आधी घरात जपलेले असते. एमिली हाउलंड या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) शिक्षिकेचा अल्बम २०१७ मध्ये लिलावात आला आणि त्यात, स्वतः गुलामीतून पळून पुढे इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे तरुणपणीचे, तोवर अज्ञात असलेले छायाचित्र निघाले. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि स्मिथसोनियनचे आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय यांनी तो मिळून विकत घेतला, म्हणून आज तो आपल्याला फुकट पाहता येतो.

मराठी माणसाच्या संबंधाविषयी थोडक्यात सांगतो. जोतीराव फुले यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी दाखवलेल्या निरपेक्ष परोपकारबुद्धीबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. त्याच्या जेमतेम दहा वर्षे आधी ही कार्डे विकत घेणारी माणसे त्याच लोकांपैकी होती. अर्पणपत्रिकेत ज्यांचे आभार आहेत ते नेमके काय पाहून हलले, आणि सोजर्नर ट्रूथ यांच्यासारख्या स्वतः गुलामीतून आलेल्या कार्यकर्त्यांचा त्यात किती वाटा होता, हे मराठीत तपशिलाने लिहिले जावे अशी माझी इच्छा आहे.

मूळ लेखात मी कार्डांच्या फक्त दर्शनी बाजू दिल्या होत्या. आपल्या प्रतिक्रियेनंतर त्यांच्या पाठीही स्कॅन करून त्याच लेखात जोडतो आहे. त्या कोणालाही वापरता येतील.