शिकण्याचा तास पगारातला हवा

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे शिक्षकेतर कर्मचारी २०२३ च्या फेब्रुवारीत संपावर गेले. परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, विद्यार्थी आणि पालक धास्तावले, आणि मागण्यांची यादी पुन्हा एकदा छापून आली. ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना पूर्ववत करा, सातव्या वेतन आयोगातून राहून गेलेल्यांना न्याय द्या, रिक्त पदं भरा, जुनी पेन्शन लागू करा. यातली एकही मागणी अवास्तव नाही. पण इंग्लंडमध्ये बसून ती यादी वाचताना मला एक गोष्ट खटकली आणि ती अजून खटकते. नोकरीत असताना शिकायला मिळावं, तेही कामाच्या वेळात आणि पगार चालू राहून, ही मागणी त्या गाजलेल्या मागण्यांत नव्हती. त्यानंतरच्या चर्चांतही ती आलेली मला दिसली नाही.

मी इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका विद्यापीठात परीक्षा आणि विद्यार्थी-नोंदींच्या कामात आहे. त्याआधी महाराष्ट्रात एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होते. दोन्हीकडे मी टेबलाच्या त्याच बाजूला बसले आहे, त्यामुळे इथलं सगळं छान आणि तिथलं सगळं वाईट असा हिशेब मला मांडायचा नाही. तो खराही नाही.

आधी घरचं. आपल्याकडे विद्यापीठातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था जुनी आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली, २०१५ मध्ये त्यांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. ओरिएंटेशन, रिफ्रेशर हे तिथले अभ्यासक्रम केल्याशिवाय कॅसमधली, म्हणजे शिक्षकांच्या बढतीच्या योजनेतली, पुढची पायरी मिळत नाही, म्हणून शिक्षक तिथे जातात. काही जण केवळ प्रमाणपत्रासाठी जातात, हा आक्षेप मला माहीत आहे. तरीही त्यांच्यासाठी ड्युटी लीव्ह आहे, केंद्र आहे, वेळापत्रक आहे, आणि गेलेल्या दिवसांचा पुढे पगारात उपयोग आहे. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर बसणाऱ्या कनिष्ठ लिपिकाला काय मिळतं? नोकरीला लागताना टंकलेखनाचं प्रमाणपत्र आणि एमएससीआयटी मागतात. पुढची तीस वर्षं त्याने काय शिकावं, हे कुणी विचारत नाही. अधूनमधून एखादी कार्यशाळा होते, तिचं परिपत्रक निघतं आणि विभागप्रमुख ज्याला मोकळा करू शकतो त्याला पाठवतो. ज्याला गरज आहे तो बहुधा मोकळा नसतो.

मग आपल्या कार्यालयांत माणसं शिकतात कशी? शेजारच्या टेबलावरून. मला टिपणी, म्हणजे फाइलवर वरिष्ठांपुढे प्रकरण मांडणारी नोंद, लिहायला परीक्षा विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी शिकवली. विषय कसा मांडायचा, मागचा संदर्भ किती घ्यायचा, अध्यादेशाचं कलम कुठे उद्धृत करायचं आणि कुलसचिवांनी निर्णय घ्यावा असा शेवट कसा करायचा, हे सगळं त्यांना पाठ होतं. एखाद्या विद्यार्थ्याचं एटीकेटीचं, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याचं, प्रकरण गुंतागुंतीचं झालं की उपकुलसचिवसुद्धा त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहत, कारण कुठल्या वर्षी कुठला नियम बदलला आणि जुन्या तुकडीला कुठली सवलत लागू होती, हे त्या फाइल न उघडता सांगत. त्यांच्या कपाटात एक जाड वही होती, तिच्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात असे सगळे अपवाद उतरवून ठेवले होते. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. त्यांनी जे जाणलं होतं ते पुढच्या चौघांना नीट शिकवायला त्यांना शेवटच्या वर्षात रोज एक तास मोकळा द्यावा, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. त्यांची जागाही लगेच भरली गेली नाही.

याची किंमत शेवटी विद्यार्थी मोजतात. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने राबवला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. चर्चा ठेकेदार कंपनीची झाली, कुलगुरूंची झाली, सॉफ्टवेअरची झाली. इतकी मोठी पद्धत बदलताना ती रोज हाताळणाऱ्या माणसांना आधी किती महिने सराव हवा होता, हा प्रश्न पहिला असायला हवा होता. तो मागेच राहिला. २०२५ च्या जानेवारीत यूजीसीने नेमणुका आणि बढत्यांच्या नियमांचा नवा मसुदा आणला, तेव्हाही गदारोळ झाला तो मुख्यतः कुलगुरू कोण निवडणार यावर. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणारी क्रेडिट बँक, अभ्यासक्रम मध्येच सोडून पुन्हा येण्याची मुभा देणारं बहुविध प्रवेश-निर्गम, विद्यापीठाचं कामकाज संगणकावर चालवणारी समर्थ प्रणाली हे सगळं २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलं आणि ते पेलणारी माणसं मात्र जुन्याच तयारीवर उभी आहेत, यावर अग्रलेख लिहिला जात नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे कर्मचाऱ्याला पुढे शिकायचं असेल तर आधी ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे शिकणं ही संस्थेने सहन करायची गोष्ट आहे असं गृहीत धरलेलं असतं. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो, ‘कार्यालयीन कामकाजावर परिणाम होणार नाही या अटीवर’ असं वाक्य येतं, आणि माणूस रात्री जागून दूरशिक्षणाने एमए किंवा एलएलबी करतो. ती पदवी करून तो त्याच टेबलावर परत येतो. विद्यापीठाच्या आवारात, जिथे संगणकशास्त्र, कायदा, व्यवस्थापन, भाषा हे सगळं शिकवणारी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे हे घडावं याचं मला फार वाईट वाटतं.

आता इथलं. माझ्या कार्यालयात एका सहकाऱ्याच्या कॅलेंडरवर दर गुरुवारी दुपारी एक करडा चौकोन असे. सगळ्यांना दिसणारं सामाईक कॅलेंडर ते, त्यामुळे त्या वेळेत त्याला कुणी बैठकीला बोलावत नसे. तो चाळिशी ओलांडलेला, आधी विद्यापीठाच्या स्वागतकक्षात काम केलेला माणूस, आणि अप्रेंटिसशिपमधून, म्हणजे नोकरी करता करता शिकण्याच्या योजनेतून, विदा-विश्लेषण (डेटा अ‍ॅनालिसिस) शिकत होता. इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिपला वरची वयोमर्यादा नाही आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ कर्मचाऱ्याला आठवड्याला सहा तास कामातून वेगळे काढून शिकण्यासाठी द्यावेच लागत. निकालाच्या आठवड्यात आमच्या प्रमुखांना तो चौकोन फार टोचत असणार. एकदा त्यांनी विचारलंही, या गुरुवारी चालेल का म्हणून. त्याने हे तास पुढच्या आठवड्यात भरून मिळतील का असं विचारलं, त्यांनी तिथल्या तिथे दोन दुपारी लिहून दिल्या आणि दिलेला शब्द पाळला. आज आमच्या विभागाची निकालपूर्व तपासणीची सगळी पत्रकं तो बनवतो.

यामागे प्रमुखांच्या चांगुलपणापेक्षा पैशाची रचना जास्त आहे. २०१७ पासून ज्या मालकाचा वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर जातो त्याला वरच्या रकमेवर ०.५ टक्का कर अप्रेंटिसशिपसाठी द्यावा लागतो. तो पैसा ठरावीक मुदतीत आपल्या माणसांना शिकवण्यात वापरला नाही तर हातचा जातो. संशोधकांसाठी २०१९ च्या सुधारित करारनाम्यात वर्षाला किमान १० दिवस व्यावसायिक विकासासाठी असं लिहिलेलं आहे. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांची ओळख आणि बढतीचा मार्ग यासाठी २०१७ मध्ये टेक्निशियन कमिटमेंट नावाचा उपक्रम सुरू झाला आणि पुष्कळ विद्यापीठांनी त्यावर सही केली. अनेक ठिकाणी कर्मचाऱ्याला स्वतःच्याच विद्यापीठातल्या अभ्यासक्रमाच्या शुल्कात सूट मिळते. ग्रंथालयाचं कार्ड तर पहिल्या दिवशीच हातात पडतं.

पण परदेशाचं हे चित्र इथेच थांबवलं तर ती फसवणूक होईल. इथल्या ‘प्रशिक्षणा’चा मोठा हिस्सा म्हणजे आग लागली तर काय करायचं, माहिती कशी सांभाळायची, अशा सक्तीच्या ऑनलाइन पाठांचा असतो. ते पाठ आवश्यक आहेत, पण वार्षिक अहवालात ते कर्मचारी-विकास म्हणून मोजले जातात तेव्हा राग येतो. त्याहून मोठी उणीव बढतीची आहे. इथे श्रेणी माणसाला नसते, पदाला असते. त्या श्रेणीच्या वरच्या टोकाला पोहोचलात की कितीही अभ्यासक्रम करा, पगार तिथेच थांबतो. वर जायचं तर दुसऱ्या पदासाठी अर्ज करून मुलाखत द्यायची. आपल्याकडच्या आश्वासित प्रगती योजनेसारखं, इतकी वर्षं सेवा झाली म्हणून वरची वेतनश्रेणी, असं इथे काही नाही. माझे इंग्रज सहकारी ती योजना ऐकून थक्क होतात. आणि सध्या तर इथल्या विद्यापीठांची आर्थिक घडीच विस्कटली आहे. २०२५ च्या जानेवारीत कार्डिफ विद्यापीठाने ४०० पदं कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. अशी बातमी आली की सगळीकडच्या विभागांत पहिली कात्री प्रशिक्षणाच्या तरतुदीला लागते, हे मी जवळून पाहते आहे.

तरी एक गोष्ट आपण इथून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं, आणि ती विद्यापीठांची नव्हे, संघटनांची आहे. २००२ च्या कायद्याने इथल्या मान्यताप्राप्त कामगार संघटनांच्या ‘लर्निंग रेप’ना, म्हणजे सभासदांच्या शिक्षणाचं काम पाहणाऱ्या प्रतिनिधींना, त्या कामासाठी पगारी वेळ मागण्याचा हक्क दिला. कुणाला कुठला अभ्यासक्रम झेपेल, कुणाचं लिहिणं-वाचणं कच्चं आहे आणि ते सांगायला त्याला संकोच वाटतो, कुणाच्या साहेबाने वेळ नाकारला आहे, हे साहेबापेक्षा या प्रतिनिधीला आधी कळतं. १९९८ पासून सरकार यासाठी निधीही देत होतं. इंग्लंडमध्ये तो २०२१ मध्ये बंद केला गेला, आणि ते मला अत्यंत चुकीचं वाटतं. पण प्रतिनिधींचा हक्क कायद्यात आहे.

आपल्या कर्मचारी संघटनांची ताकद इथल्यापेक्षा कमी नाही. त्यांनी एकदा ठरवलं तर राज्यभरच्या परीक्षा थांबतात. ही ताकद वेतननिश्चितीसाठी वापरतात तशीच शिकण्याच्या तासांसाठी वापरली तर कुठलं सरकार सहज नाही म्हणू शकेल?

यावर घरून मिळणारं उत्तर मला पाठ आहे. ‘अगं, आधी माणसं तरी द्या. एकेक जण तीन तीन टेबलं सांभाळतोय, त्याला प्रशिक्षणाला पाठवलं तर फाइली कोण काढणार?’ माझा एक जुना सहकारी फोनवर हेच म्हणतो आणि तो खोटं बोलत नाही. मात्र याच कारणासाठी या दोन मागण्या एकत्र मांडायला हव्यात. आठवड्यातले दोन तास प्रत्येक कर्मचाऱ्याच्या शिकण्याचे, असं एकदा नियमात बसलं की पदांचा आकृतिबंध, म्हणजे कुठल्या विभागात किती पदं हवीत, हे ठरवताना ते तास धरावे लागतील. आज कामाचा भार मोजताना फक्त फाइली मोजल्या जातात, म्हणून कमी माणसांत भागतं असं मंत्रालयाला वाटू शकतं.

दुसरी शंका असते ती दर्जाची: हे सगळं शेवटी सभागृह, जेवण, गटाचा फोटो आणि प्रमाणपत्र यांवर जाऊन थांबेल. थांबू शकतं. त्यावर माझा उपाय साधा आहे. बाहेरची कंपनी आणू नका. विद्यापीठाच्या विधी विभागातल्या प्राध्यापकांनी पात्रता विभागाला अध्यादेश वाचायला शिकवावं, संगणक विभागातल्यांनी परीक्षा विभागाला, आणि मला टिपणी शिकवणाऱ्या बाईंसारख्या, निवृत्तीला आलेल्या जाणत्या कर्मचाऱ्यांना शिक्षक म्हणून मानधन द्यावं. रिकाम्या वर्गखोल्या संध्याकाळी असतातच, पण हे वर्ग संध्याकाळी घेऊ नका. संध्याकाळी ज्यांना घर गाठायचं असतं त्यांत बायका जास्त आहेत, आणि सुट्टीनंतरचा वर्ग म्हटला की त्या आपोआप गळतात. दुपारी तीनला घ्या, खिडकीवर ‘बुधवारी तीन ते पाच काम बंद’ अशी पाटी लावून. विद्यार्थ्यांना राग येईल. पण एका फेरीत काम होऊ लागलं की तोही ओसरेल.

एक प्रश्न मात्र दोन्ही देशांत सुटलेला नाही. शिकण्याचा हक्क कर्मचाऱ्याला, पण कर्मचारी म्हणायचं कुणाला? लंडनच्या सोआस या विद्यापीठीय संस्थेत ठेकेदाराकडच्या सफाई कामगारांनी दशकभर मोहीम चालवली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये त्यांना संस्थेने थेट नोकरीत घेतलं. आमच्या इमारतीत पहाटे फरशी पुसणाऱ्या बाई अजून कंपनीच्या आहेत आणि शुल्कातली सूट त्यांना नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला, पण विद्यापीठांतले कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर, सुरक्षारक्षक, प्रयोगशाळांतले मदतनीस जिथे होते तिथेच आहेत. नव्या प्रणालीत माहिती भरण्याचं काम अनेक ठिकाणी त्यांच्याच हातून होतं. संघटनांनी पुढचं निवेदन लिहायला घेतलं की शिकण्याच्या तासांच्या कलमात या लोकांची नावं पहिल्या ओळीत घालावीत, कायम सेवकांच्या आधी.